मिरजेचं दर्शन

सातारच्या स्टँडवरून पाटणची गाडी सुटली तेव्हा माझ्या डोळ्यांवर काळा गॉगल होता, काखेत रंगीत तक्त्यांची गुंडाळी होती आणि डोक्यात हवा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची. आमची संस्था डोंगरातल्या पोरापोरींना कुठलं शिक्षण कुठे मिळतं, त्यातून नोकरी कशी लागते, हे फुकट सांगायची. या कामाला 'व्यवसाय मार्गदर्शन' असं भारदस्त नाव होतं आणि ते माझ्या तोंडी फार शोभतं, असा माझा समज होता.

पाटण सोडून कोयनेच्या खोऱ्यात वर चढलो. डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी निळे डोंगर, तळाशी नदीची चकाकती रेघ. मी गॉगल काढला. एवढ्या देखाव्यापुढे तो मलाच उद्धट वाटला.

गावच्या देवळात बायका रांगेत उभ्या. ताटांत हळद, कुंकू, फुलं, नारळ.

"आज उत्सव आहे का?" मी विचारलं.

"उत्सव कसला, बाई!" एक म्हातारी म्हणाली. "दवंडी झाली न्हवं का, सातारच्या बाई दर्शन देनार म्हून. कवा (केव्हा) यायच्यात त्या?"

दवंडीवाल्यानं 'मार्ग' वाटेतच सांडला होता! "मीच ती," मी पुटपुटले.

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लय बारीक हाय गं," ती शेजारणीला म्हणाली. "पर आलोय तर लावा कुंकू."

कुंकवानं माखलेल्या कपाळानं मी भाषण ठोकलं. सगळे पांगले, एक मुलगी मात्र नर्सच्या तक्त्यापुढून हलेना. शेवंता. मॅट्रिक झालेली. मिरजेच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मुलाखती दुसऱ्याच दिवशी होत्या. ही संधी हुकली, तर तिचं लग्न उरकून टाकणार होते. आजोबा फौजेतले पेन्शनर हवालदार, आणि घरात शब्द त्यांचाच.

"लोकांची घान काढाय आमची पोर?" ते गरजले. "न्हाई!"

"आबा, बाईंनी मार्ग दावलाय," शेवंता हळूच म्हणाली. "तुमी इस्पितळाचं दर्शन तरी घ्या. मग म्हना न्हाई."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. शेवंताच्या ताटातला नारळ उचलला. "चल. पर पटलं न्हाई तर तसंच माघारी. नारळ बी तसाच."

त्यांच्याच घरी माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम पेय) पिऊन पहाटे निघालो. उतारावरच्या वळणांनी मला उलट्या झाल्या. शेवंतानं माझं डोकं धरलं, आबांनी तक्ते. "मार्ग दावनाऱ्या बाईलाच गाडी लागती व्हय?" आबा म्हणाले आणि आख्खी एसटी हसली.

कराडहून आगगाडीनं मिरज. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आबा थबकले. "एवढं भोपळं! भाजी कोन खातंय?" कारागिरानं मान वर न करता तार छेडली. आम्ही तिघंही भर रस्त्यात उभे. स्वर विरल्यावर आबा एवढंच म्हणाले, "भाजी न्हवं ही."

शेवंता मुलाखतीला आत गेली, आम्ही दोघं वॉर्डाच्या दारात थांबलो. नर्सच्या कामावर मी तासभर बोलत असे. वॉर्ड मात्र आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते! लांबलचक दालन, एका ओळीत खाटा. मॅट्रनबाई आल्या आणि शिकाऊ मुली ताठ उभ्या राहिल्या. बाईंनी चादरींचे कोपरे तपासले, एक शब्द बोलल्या, मुली कामाला भिडल्या. शेवंताच्याच वयाची एक जण एका म्हाताऱ्याला उठवून बसवत होती. तो तिला शिव्या घालत होता. ती शांतपणे त्याचं तोंड पुसत होती.

मी वळून पाहिलं. आबांचा हात कपाळाशी गेला होता. सलाम!

"ही तर पल्टन हाय, बाई," ते कुजबुजले. "तुमच्या तक्त्यात नुस्ती टोपी. पल्टन कुठं दावली?"

शेवंता बाहेर आली. "घेतलं," म्हणाली, माझ्याकडे नाही, आबांकडे बघत.

"सावधान!" आबा म्हणाले. ती ताठ झाली. "आमच्या घरचं कोन भरतीला निघालं, तर रडायचं न्हाई." आणि स्वतः पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

मग ते पायरीवर नारळ फोडायला वाकले. मॅट्रनबाईंनी नुसतं बघितलं. हवालदारांनी नारळ गुपचूप माझ्या पिशवीत घातला.

त्या नारळाची माझ्या आईनं साताऱ्यात बर्फी केली. "कुठल्या देवाचा प्रसाद म्हणून वाटू?" तिनं विचारलं. मी एक वडी तोंडात टाकली.

संस्थेत मात्र सांगून टाकलं: तक्ते पुरे, आता पोरांसोबत घरच्यांनाही गाडीत बसवून प्रत्यक्ष काम दाखवायला न्या. आणि नवी पाटी रंगवाल तेव्हा 'मार्ग' बारीक असला तरी चालेल. 'दर्शन' तेवढं ठळक काढा.