इंटीरियर, तारनाका, दिवस

लिहायला शिकणारी माणसं दर रविवारी एका खोलीत जमली, की लिहून होतं थोडं आणि सांगण्यासारखं साचतं फार. आमची खोली हैदराबादला, आबिड्समध्ये, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. तिथे प्रसाद सर पटकथा शिकवायचे. सर तेलुगू, बरीच वर्षं सिनेमावाल्यांसाठी लिहिलेले. विद्यार्थी पुष्कळ आले आणि गेले. टिकलो आम्ही तिघं: नामपल्लीत शिलाईचं दुकान चालवणारे इमरानभाई, आयटीतली पूर्वा आणि मी. मी तारनाक्याची, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली. घराणं नांदेडकडचं, पण माझा जन्म हैदराबादचा. पूर्वाचाही. तिच्या घरी मराठी बोलतात, पण शाळा सगळी इंग्लिशमध्ये झाली, त्यामुळे मराठी वाचायचं म्हटलं की तिची गाडी पॅसेंजर व्हायची.

माझी गोष्ट साधी होती. वडील गेल्यावर त्यांचं मराठी पुस्तकांचं कपाट कोणी न्यायचं, यावरून तीन भावंडं भांडतात. न्यायचं कोणालाच नाही, कारण धड वाचता कोणालाच येत नाही. आणि रद्दीत द्यायलाही कोणी तयार नाही.

*

पहिल्याच सीनमध्ये भावंडांतल्या बहिणीबद्दल मी लिहिलं होतं, ‘मीराच्या मनात आठवणींचं काहूर माजलं होतं.’

सरांचा नियम असा, की आपलं लिखाण आपण वाचायचं नाही. म्हणून पूर्वा माझी पानं मोठ्याने वाचून सरांना तेलुगूत समजावत होती. इथे ती थांबली.

“काकू, काहूर म्हणजे?”

मी सांगितलं. तिने सरांना सांगितलं. सरांनी थोडा विचार केला आणि मला विचारलं, “मॅडम, ये चीज कॅमेरे के सामने किधर रखूँ?”

पटकथेत फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं, असं ते वर्गात सांगून चुकले होते. तरी मला राग आला. असल्या वाक्यांना मला शाळेत बक्षिसं मिळाली होती. आठवडाभर धुसफुसत मी तो सीन पुन्हा लिहिला: ‘मीरा कपाटातून पुस्तक काढते. पहिल्या ओळीवर बोट ठेवते. बोट एका जोडाक्षरावर अडतं. ती पुस्तक मिटून ठेवते.’

“अब दिखा,” सर म्हणाले.

वाचताना पूर्वाचंही बोट त्याच ओळीवर होतं.

*

प्रत्येक सीनच्या डोक्यावर तीन गोष्टी लागतात: आत की बाहेर, जागा कोणती, आणि दिवस की रात्र. इमरानभाईंनी आपल्या गोष्टीतल्या अम्मीच्या सीनला तिसऱ्या जागी लिहिलं, ‘मगरिब के जरा पहले’, म्हणजे संध्याकाळच्या नमाजाच्या थोडं आधी.

सर म्हणाले, “दिन लिखो या रात लिखो. शूटिंगवाले को लाइट का इंतजाम करना रहता.”

“उस वक्त दिन नहीं रहता सर.”

“तो रात लिखो.”

“रात कैकू लिखना? अम्मी अब्बी बत्ती नहीं जलाए.”

बराच वेळ हे चाललं. सरांनी नियम सोडला नाही, इमरानभाईंनी अम्मी सोडली नाही. शेवटी इमरानभाईंनी वर ‘दिन’ लिहिलं आणि सीनची पहिली ओळ अशी लिहिली: ‘अम्मी दरवाजे में बैठी है. बत्ती अब्बी नहीं जलाई.’

सरांनी ते वाचलं आणि पेन खिशात ठेवलं. “अब लाइटवाला खुद समझ जाएगा,” म्हणाले.

*

मला कंसांची सवय होती. प्रत्येक संवादाआधी कंसात ‘रागाने’, ‘खिन्नपणे’, ‘उपरोधाने’. सरांनी सगळे कंस खोडले. “अ‍ॅक्टर के लिए भी थोडा काम छोडो मॅडम.”

मी घरी येऊन गोष्टीतल्या धाकट्या भावाचं एक पान यजमानांना वाचून दाखवलं. आता त्यात नुसतं ‘बरं’ होतं. त्यांना ते आवडलं नाही. कंस होते तेव्हा कसं नीट कळायचं, म्हणाले.

संध्याकाळी ते म्हणाले, “दर रविवारी जायलाच पाहिजे का? या वयात काय करायचंय सिनेमाचं?”

मी म्हटलं, “बरं.”

त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, “कंसात काय होतं?”

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः मला आबिड्सला सोडलं.

*

मोठं भांडण लिपीवरून झालं. सर म्हणाले, इथे सगळे संवाद इंग्लिश अक्षरांत लिहितात, मराठीही तसंच लिहा. पूर्वाच्या सॉफ्टवेअरमध्येही मराठी अक्षरं टाकली की जोडाक्षरं फुटायची. ज्या कपाटावर माझी सगळी गोष्ट उभी होती, त्या कपाटातली अक्षरंच मी टाकून देऊ? मी नाही म्हटलं.

“इंडस्ट्री ऐसेच चलती मॅडम.”

“मग इंडस्ट्रीला जरा थांबावं लागेल.”

तरी सरांच्या समाधानासाठी पूर्वाने एक पान इंग्लिश अक्षरांत करून आणलं आणि वाचायला लागली. थोरला भाऊ रडत म्हणतो, ‘कशी वेळ आली आपल्यावर.’ पूर्वाने अगदी मनापासून वाचलं, “कशी वेल आली आपल्यावर.” मग स्वतःच थांबली. “काकू, वेल म्हणजे क्रीपर ना? ती कुठून आली?”

मी सरांना अर्थ सांगितला. सर हसले नाहीत. “हटाओ ये पन्ना,” एवढंच म्हणाले.

पूर्वा मग महिनाभर ऑफिस सुटल्यावर खटपट करत राहिली आणि मराठी अक्षरांसाठी तिने पानाची मांडणी नव्याने बसवली. संवाद मधोमध, नाव वर, समास बरोबर. जोडाक्षरं फुटत नव्हती. आणि एवढी पानं जुळवताना तिची पॅसेंजर कधी एक्सप्रेस झाली, ते तिलाही कळलं नाही.

*

पटकथा पूर्ण झाल्यावर सरांनी एका कंपनीत वेळ मिळवून दिली. आम्ही तिघंही गेलो. समोर पस्तिशीचा एक माणूस, चांगला शर्ट, बोलणं सगळं इंग्लिश आणि हिंदी. त्याने पानं चाळली.

“फॉर्मॅट परफेक्ट है. लेकिन ये स्क्रिप्ट यहाँ कौन पढेगा? रोमन में भेजिए. और कहानी पुणे ले जाइए.”

“घर तारनाक्यातलं आहे,” मी मराठीतच म्हटलं.

“हैदराबाद में मराठी घर? ऑडियन्स नहीं मानेगी मॅडम.”

“नाही मानली तर नाही. घर तारनाक्यातच राहील आणि अक्षरंही हीच राहतील.” मी बाड उचललं आणि उभी राहिले. पूर्वाही उठली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याने घाईने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि आवाज खाली केला. खोली लहान होती.

“हाव माय, खाल्लो डबा. भाकर एक उरली. मीटिंग करायलो, नंतर करतो फोन.”

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग इमरानभाईंनी अगदी अदबीने विचारलं, “साब, अम्मी किधर रहते?”

त्याने माझ्या हातातल्या बाडाकडे पाहिलं.

“यहीं. काचीगुडा,” तो म्हणाला.