तळेघरचा पट्टा आणि माझी उतरणारी चेन

माझ्या सायकलीला पुढे तीन दातेरी चक्रं होती. निघायच्या आदल्या आठवड्यात सुहासनं त्यांतली दोन काढून टाकली. सुहास म्हणजे पुण्यातल्या आम्हा सायकलवेड्यांचा स्वयंघोषित गुरू. त्याचं ज्ञान इंटरनेट कॅफेत तासावर मिळायचं आणि तो ते आम्हाला फुकट वाटायचा. ‘‘पुढे एकच चक्र ठेव. वजन कमी, भानगड कमी. परदेशात आता सगळे हेच करतात,’’ असं म्हणून त्यानं चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा लोखंडी चिमटाही उतरवला. चक्र एकच उरल्यावर चिमट्याचं काम काय? मीही मान डोलावली. दोन हजार सालानंतरची ती पाचसहा वर्षं अशी होती, की परदेशात करतात म्हटलं की आम्ही काहीही काढून टाकायला तयार असायचो.

मार्गशीर्षात सायकल एस.टी.च्या टपावर टाकून जुन्नरला उतरलो. बेत असा, की सकाळी लेण्याद्री पाहायची आणि मग घोडेगाव, डिंभे करत तळेघर गाठायचं. लॉजवर रात्री मासवडी मागवली. वेटरनं ‘जुन्नरची खासियत’ म्हणून जे आणून ठेवलं, ते बहुधा परवाची खासियत असावी. सकाळी लेण्याद्रीच्या वाटेवर पहिला खड्डा आला आणि चेन उतरली. चढवली. दुसरा खड्डा आला, पुन्हा उतरली. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत माझे हात कोळसेवाल्यासारखे झाले होते. नारळवालीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नारळ दुसऱ्याच्या हातात दिला.

चेनला तेल हवं असेल, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. म्हणून जुन्नरच्या पेठेत रतनशेठच्या दुकानात शिरलो. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ बोलतात अस्सल जुन्नरी. दुकानात पंप, पाइप, गिरणीचे सुटे भाग, सगळं. शेठ एक लांबलचक पट्टा गुंडाळत होते.

‘‘तळेघरच्या कोंडाजीचा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या भातगिरणीचा पट्टा तुटलाय. उद्या बहिणीचं लगीन, गावजेवण, आन् भात सगळं टरफलातच. दुपारच्या एस.टी.च्या डायवरकडं द्यायचाय.’’

जुन्नरहून तिकडे एस.टी. दिवसाला एक. या भागातली रीतच आहे, की औषध, चष्मा, पंपाचा वॉशर, काहीही असो, ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. पावती नाही, काही नाही. ज्याचं त्याला पोचतं. मला ती रीत भलतीच मागासलेली वाटली.

‘‘मी तळेघरलाच चाललोय,’’ मी म्हणालो. ‘‘तुमच्या एस.टी.च्या आधी पोचेन. एकवीस गिअरची सायकल आहे.’’

गिअर आता सातच उरले होते, पण ते शेठना कशाला सांगा?

शेठनं सायकलीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. ‘‘डायवर रोजचा माणूस हाय,’’ एवढंच बोलले. पण मी पट्टा गळ्यात अडकवलासुद्धा. शहरातल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी त्यांनी तो जाऊ दिला.

घोडेगावपर्यंत चेन नऊ वेळा उतरली. नंतर मी मोजणं सोडलं. कधी बाहेरच्या बाजूनं उतरे, कधी आतल्या. आत उतरली की चक्र आणि सायकलीचा सांगाडा यांच्यामध्ये अशी रुतायची, की दोन्ही हातांनी ओढावी लागे. तेलाचा उपयोग एवढाच झाला, की ती जास्त सफाईनं उतरू लागली. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उजेडात छान चमकत होतं म्हणे. मी पूर्ण वेळ खाली बघत होतो.

धरणाच्या पुढे चढ लागला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं), मध्येच उतारावर नाचणीचे खुंट. एका वळणावर मी रस्त्याच्या कडेला बसून चेनीशी झटत असताना मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवून खिडकीतून डोकं काढलं.

‘‘काय पावणं, सायकल टाकायची का वर?’’

‘‘नको. झालंच आता,’’ मी म्हणालो.

‘‘आवो, मग तेवढा पट्टा तरी द्या. कोंडाजीचाच हाय ना त्यो? वाट बघत आसंल.’’

बसमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली होती. तेव्हा पट्टा काढून दिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण इतक्या लोकांसमोर एस.टी.पुढे हार मानायची? ‘‘मीच पोचवतो,’’ मी म्हणालो. ड्रायव्हरनं ‘‘बरं राव’’ म्हणत गिअर टाकला. त्याचा गिअर पडला, मी चेन चढवून पेडल मारलं तर ती पुन्हा उतरली. या वेळी एक कडी वाकडी झाली आणि चेन चक्रावर बसेचना.

उरलेला चढ मी सायकल ढकलत चढलो. एक जीप भेटली, तिच्या पायऱ्यांवरही माणसं उभी होती. तळेघर जवळ आलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. वाडीतून धप्, धप् असा आवाज येत होता. वाटलं, लग्नाचं ढोलकं असेल. जवळ गेलो तर अंगणात चार उखळं मांडलेली आणि आठ बाया मुसळांनी भात कांडत होत्या.

एस.टी. येऊन दोन तास झाले होते. ड्रायव्हरनं सांगितलं होतं, ‘‘पट्टा सायकलवाल्याच्या गळ्यात हाय आन् सायकलवाला घाटात बसलाय.’’ मग बायांनी वाट पाहणं सोडून मुसळं हातात घेतली. कोंडाजीनं माझ्या गळ्यातला पट्टा काढला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गिरणीकडे धावला.  

गिरणी फटफटू लागल्यावर मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. तेव्हा एक गोष्ट दिसली. पट्टा मोठ्या चाकावर चढतो त्या जागी, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या.

‘‘या कशाला?’’ मी विचारलं.

‘‘पट्टा उतरतो तो हितंच, चाकावर चढताना. खुंटी त्याला सरकू देत नाय.’’ मग त्यानं कंदील माझ्या सायकलीपाशी नेला. चेन चक्रावर चढते त्या जागेच्या वर, सांगाड्याच्या नळीवर, रंगात एक गोल वळ उमटलेला होता. त्यावर त्यानं बोट ठेवलं. ‘‘हितं काय तरी व्हतं. का काढलं?’’

‘‘बिनकामाचं वाटलं.’’

‘‘आसं आसं,’’ तो म्हणाला. मला त्याहून मोठी शिवी आजवर कुणी दिलेली नाही.

सकाळी, घरात लग्नाची घाई असताना, त्यानं पकडीनं कडी सरळ केली. लाकडाच्या तुकड्याला चेनपुरती खाच पाडली आणि जुन्या पट्ट्याचा तुकडा घालून तो नळीला तारेनं आवळला. दहा मिनिटांचं काम. मी जवळच्या खडकाळ उतारावर मुद्दाम सायकल घातली. चेन जागची हलली नाही.

अंगणात त्याच्या बहिणीला, मंदाला, हळद लागत होती. तळहातांना हळद लावताना तिनं ‘स्स्’ केलं. दोन्ही तळव्यांवर मुसळाचे फोड आले होते, त्यांतले दोन फुटलेले. नवरीनं आदल्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, पण आठ मुसळांतलं एक तिचं होतं. मी बघतोय असं पाहून तीच हसली. ‘‘लई नाय दुखत भाऊ, हळदीनं बरं वाटतंय.’’ मी मान खाली घातली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण त्यांनी पंगतीला बसवलंच. शिवाय निघताना तिच्या चुलतीनं पिशवी हातात दिली. ‘‘घरी न्या. हातसडीचं तांदूळ हाय, गिरणीचं नव्हं.’’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी ओळखला असता, तो माझाच प्रांत आहे.

तळेघर ते पुणे, चेन एकदाही उतरली नाही. घाटात ती एस.टी. समोरून आली. मी सायकल बाजूला घेतली आणि ड्रायव्हरला नमस्कार केला. बिनकामाचा म्हणून मी सायकलीवरून एक चिमटा काढला होता आणि पट्ट्याच्या वाटेतून एक ड्रायव्हर. चिमट्याच्या जागी निदान लाकूड बसलं.

रविवारी सुहास जेवायला आला. आधी त्यानं सायकल पाहिली, लाकडाचा तुकडा पाहिला आणि पोट धरून हसला. किती वजन वाढलं असेल, हे त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. मग पानावर बसून दोनदा भात मागून घेतला.

‘‘वा! हातसडीची चवच निराळी,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा गेलास तर आणखी घेऊन ये.’’

माझा पहिलाच घास हातात होता. तो मी परत पानात ठेवला.