घर दाखवणारे अप्पा

अप्पा कुणाकडेही घर विकायच्या कामासाठी गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. सोलापूरच्या उन्हात तहान नसणं अवघडच, पण भर पावसात छत्री निथळत असतानाही ते उंबऱ्याशी थांबून म्हणायचे, "मालक, वाईच पाणी मिळंल का?"

ते पाणी म्हणजे त्यांची तपासणी असे. यायला किती वेळ लागला यावरून स्वयंपाकघर किती आत आहे ते कळायचं. कुणी आणलं यावरून घरात कुणाचं चालतं ते कळायचं. नुसतं फुलपात्र आलं की तांब्याही सोबत आला, यावरून माणसं घाईला आलीत का तेही म्हणे कळायचं. आणि पहिल्या घोटाला ते डोळे मिटायचे. नळाचं असेल तर मान हलवायचे, आडाचं मचूळ असेल तर गप्प राहायचे. "भिंती काय, कुणीबी बांधतंय. सोलापुरात घर घेणारा आधी पाणी बघतो. तुमी त्याला न्हाणीघर दावत बसता."

पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि काखेत बाराही महिने छत्री. सात रस्त्याजवळ एका सायकलच्या दुकानाबाहेर लाकडी बाकडं होतं, तेच त्यांचं ऑफिस. पाटी नव्हती. कुणी दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दलाल मार्केटात बसतेत. मी घरं दावतो," म्हणायचे. म्हणून सगळे त्यांना घरवाले अप्पाच म्हणत.

इरिगेशनच्या ऑफिसातून घरी जाताना मी त्या बाकड्यावर टेकत असे. मला काही घर विकायचं नव्हतं. पण अप्पांचं ऐकायला बरं वाटायचं, आणि फुकटचं शहाणपण गोळा करायची सवय मला लहानपणापासूनच आहे. वापरायची मात्र नाही.

"माळवद गळत असलं तर आधी सांगा," ते एखाद्या घरमालकाला समजावत. "गिऱ्हाईक वर बघणारच हाय. तुमी सांगितलं तर घर गळकं. त्यानं बघितलं तर तुमी लबाड." घर का विकताय असं कुणी विचारलं तर एकच कारण सांगायचं, आणि दर वेळी तेच सांगायचं. विकायचं ठरल्यावर चुना मारायचा नाही, ताज्या चुन्याखाली काय दडवलंय हे शोधायला माणूस नखानं भिंत खरवडतो. घर दाखवायचं ते नळ चालू असतानाच. आणि मालकानं घर स्वतः दाखवायचं नाही. या शेवटच्या नियमामागे एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी गिऱ्हाइकाला मधल्या खोलीचा कोपरा दाखवून हौसेनं सांगितलं होतं, "इथंच आमचे वडील गेले. अगदी शांतपणे." गिऱ्हाईक त्याहून शांतपणे चपला घालून गेलं होतं.

मग दुष्काळ सरल्यावरच्या वर्षी माझीच बदली जळगावला झाली. बायको, दोन मुलं आणि आई असा संसार. आईला मागे एकटी ठेवणं शक्य नव्हतं. बाळीवेशीतलं आमचं तीन खोल्यांचं घर भाड्यानं दिलं तर भाडेकरू आपल्या नातवंडांची लग्नं तिथंच लावेल, असं ऑफिसातल्या प्रत्येकानं मला बजावलं. म्हणजे विकणंच आलं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं. मला काय विचारता?" मी हा होकार समजलो. शिकलेला होतो ना.

अप्पा आले. उंबऱ्याशी थांबले आणि आतला अंदाज घेऊन कानडीत म्हणाले, "अव्वा, नीर कोडरी." आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. कानडी ऐकून तिचा चेहरा फुलला. ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन लगेच बाहेर आली. अप्पांनी पाणी घेतलं, पण डोळे मिटले नाहीत. ते आईकडेच बघत राहिले. नंतर घर सगळं फिरले, माळवदावर जाऊन आले, पांढऱ्या मातीचा थर पायानं दाबून बघितला.

"काय म्हणता, अप्पा?" मी विचारलं.

"घर झ्याक हाय."

"मग गिऱ्हाईक कधी आणता?"

"अजून घर तयार न्हाई, मालक."

काय तयार नाही ते सांगेनात. मी विचारलं की म्हणायचे, "तुमीच बघा की. घर तुमचं हाय." पुढचे दीड महिने ते दर गुरुवारी येत राहिले. येऊन कट्ट्यावर आईशी कानडीत बोलत बसायचे. मला कानडी येत नाही. आईनं मला मुद्दाम मराठी शाळेत घातलं आणि मी मुद्दाम कानडी विसरलो. दोघं हसायची. मी आतून ऐकायचो आणि मला वाटायचं, हा माणूस आमच्याकडे चहाला येतोय. जळगावला हजर व्हायची तारीख जवळ येत होती. गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.

शेवटी मी ठरवलं की एवढी वर्षं बाकड्यावर बसून जे शिकलो ते वापरायचं. अप्पा एकदा कुणाला तरी म्हणाले होते, "घर मोकळं दिसाया पायजे. सामान भिंतीला लागलं की खोली मोठी हुती." ऑफिसातल्या एकानं एक मास्तर सुचवले. नवरा-बायको दोघंच, जवळच भाड्यानं राहत होती, घर शोधत होती. मी त्यांना रविवारी दुपारी बोलावलं. बायको मुलांना घेऊन माळशिरसला भावाच्या लग्नाला गेली होती. आई शेजारच्या काकूंचा हात धरून देवळात गेली होती. मी बाह्या सरसावल्या.

मधल्या खोलीतली कॉट उभी करून भिंतीला लावली. ज्वारीची कणगी कोपऱ्यात सरकवली. खुंटीखालची लोखंडी पेटी ओढत ओढत स्वयंपाकघराच्या दारापाशी आणली, तिथल्या अंधारात ती दिसली नसती. माठ उचलून मागच्या पडवीत ठेवला. घामाघूम होऊन दारात उभा राहिलो आणि खोली खरंच मोठी दिसली. अप्पांना आता दाखवतोच, असंही मनात आलं.

मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. मी नियम मोडून स्वतःच घर दाखवायला लागलो. मास्तर वासे मोजत होते. तेवढ्यात कट्ट्यावर आईचा आवाज आला. काकूंना निरोप देऊन, पाहुणे आलेत हे ऐकून, ती नेहमीच्या झपाट्यानं आत आली. "बसा हो. चहा टाकते," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघराकडे गेली. सरळ त्या पेटीवर.

ती पेटीवरून पुढे पडली. कपाळ चौकटीला लागलं. मी जागच्या जागी उभा राहिलो. हात पुढे करायचं सुचलं ते मास्तरांच्या बाईंना. त्यांनी तिला उठवून पेटीवरच बसवलं. आई म्हणाली, "काही नाही, पाय घसरला." मग तिनं बाजूला हात नेला. पेटीची कड चाचपली, कडी चाचपली, कुलूप चाचपलं. आणि अगदी हळू विचारलं, "ही पेटी इथं कुणी आणली रे?"

भर दुपार होती. पुढच्या दारातून ऊन थेट पेटीवर पडलं होतं. पेटी लपेल हा माझा हिशेबसुद्धा चुकला होता. ती कुणालाही दिसली असती.

मास्तर आणि बाई अवघडून गेले. त्यांना पोचवायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तसाच सात रस्त्याला चालत राहिलो. अप्पा बाकड्यावर होते. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"पयल्या दिशीच कळलं हुतं," ते म्हणाले. "त्यांनी मला भांडं दिलं, पर माझ्या हाताकडं न्हाई बघितलं. माझ्या आवाजाकडं दिलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"अव्वांनी शपथ घातली हुती की. म्हनल्या, पोराची बदली हाय, त्याला आनखी घोर नको." अप्पांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "आन मला वाटलं, तुमी एका घरात ऱ्हाता. बघाल."

मी काय बघत होतो? वर्षभर भातात खडे लागत होते आणि मी ताटावर बसून विनोद करत होतो की दुष्काळ सरला तरी आमच्याकडे दगड खायची सवय गेली नाही. आईही हसायची. तांदूळ ती बोटांनी निवडत होती. मुलं पाढे म्हणायला बसली की ती त्यांच्या वहीत डोकवायची बंद झाली होती. काकूंचा हात धरून देवळात जाणं मला मैत्रीचं वाटत होतं. घरात मात्र तिला काहीच अडत नव्हतं. दारापासून माठ, माठापासून चूल, चुलीपासून देव, सगळं तिच्या पायांना पाठ होतं. या घरात ती आंधळी नव्हती. आणि मी ते घर विकायला निघालो होतो.

डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. डोळ्यांची नस वाळली होती. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बदली रद्द व्हावी म्हणून मी अर्ज केला. साहेबांनी तो वाचला आणि प्रेमानं म्हणाले, "आई कुणाला नसते हो?" दुसरा अर्ज केला, त्याला उत्तरच आलं नाही. बायको म्हणाली, मी मुलांना घेऊन इथंच राहते. तर जळगावात एक आणि इथं एक अशा दोन चुली माझ्या पगारात पेटणार नव्हत्या. रोज संध्याकाळी मी अप्पांकडे जायचो. ज्या माणसाकडे घराच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, तो नुसता सायकलींच्या चाकांकडे बघत बसायचा. एकदा म्हणाले, "मालक, ह्यात मला काय बी कळत न्हाई." ते असं म्हणू शकतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटी हा पेच आईनंच सोडवला. एका गुरुवारी अप्पा आल्यावर तिनं त्यांना मराठीत सांगितलं, मला ऐकू जावं म्हणून. "अप्पा, ती मास्तरीण बाई येऊन चौकशी करून गेली माझी दोनदा. तिलाच द्या घर. तिचा हात चांगला आहे." मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "तू गप. पेट्या हलवायचं तेवढं तुला येतं."

खरेदीखत झालं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी अप्पा आले आणि म्हणाले, "सामान एवढ्यात बांधू नका. सगळं हुतं तितं ठेवा. ट्रक दुपारचा हाय." कॉट, कणगी, पेटी आम्ही आधीच जागेवर आणून ठेवली होती. अप्पांनी तरी माठ दोन बोटं डावीकडे सरकवून घेतला, आईला विचारून.

ताब्याच्या बाबतीत त्यांची एक रीत होती, ती मला तोवर ठाऊक नव्हती. ते विकणाऱ्याला कधी कुलूप लावू देत नसत. घेणाऱ्यानं आधी आत यायचं, चुलीवर दूध उतू घालायचं, चहा करायचा आणि विकणाऱ्यानं तो बसून प्यायचा. "पाव्हना म्हून भाईर पडायचं," ते म्हणाले. "लई सोपं जातं." सोपं जातं असं त्यांच्या तोंडावर मात्र दिसत नव्हतं.

मास्तरीणबाईंनी चहा केला. कपबशा कुठे आहेत म्हणून त्यांनी विचारलं तर आई उठून फळीपाशी गेली आणि मोजून सहा काढून दिल्या. चहा झाला. मी उठायला लागलो तशी अप्पांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"अव्वा," ते म्हणाले, "बाईंना घर दावा की."

मालकानं घर दाखवायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

आई उठली. मास्तरीणबाई मागून, आई पुढे. "ही खुंटी सैल आहे, जड काही अडकवू नकोस. इथं खाली वाक, चौकट बुटकी आहे. पावसाळ्यात हा कोपरा गळतो, परात ठेवायची. उन्हाळा संपायच्या आधी वर पांढरी माती टाकून घे, बाई, नंतर माणूस मिळत नाही. नळ साडेपाचला येतो, पण आधी सूं करतो, तेव्हाच उठायचं." ती एकदाही अडखळली नाही. भिंतीला हात लावला नाही. पडवीत गेली, परत आली, देवघरापाशी वळली, पेटीला वळसा घातला. मास्तरीणबाई दोनदा ठेचकाळल्या. आई म्हणाली, "सवय होईल."

माझी बायको पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली. मास्तर वाशांकडे बघत होते. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांना बिनटोपीचं मी त्याच एका वेळी पाहिलं.

पुढे एकदाच त्यांचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मास्तरांनी पांढरी माती वेळेवर टाकली, एवढंच त्यात होतं. अप्पा गेल्याचं मला वर्षभरानं कळलं. आईला मी सांगितलं तेव्हा ती जळगावच्या क्वार्टरमध्ये खाटेवर बसली होती. त्या क्वार्टरमध्ये ती पाच वर्षं राहिली, आणि खाटेपासून दारापर्यंत भिंतीला हात लावल्याशिवाय कधी गेली नाही. सामान मी मुद्दाम जुन्यासारखं लावून दिलं होतं. काही उपयोग झाला नाही. खोल्याच वेगळ्या होत्या.

त्या दिवशी घर दाखवून झाल्यावर आई उंबरा ओलांडून बाहेर आली. कट्ट्याच्या दोन पायऱ्या बरोबर उतरली. गल्लीत आली आणि थांबली. मग तिनं हवेत हात पुढे केला. अप्पा तिच्या अगदी जवळ होते. ते दोन पावलं मागे सरले आणि मी येईपर्यंत तसेच उभे राहिले.