सेव्ह करायची खोड

चाकणच्या त्या कंपनीत आम्ही दोघी एकाच टेबलावर बसायचो आणि दोघीही कॉन्ट्रॅक्टवर होतो. मी थेरगावची, ती लातूरकडची, दापोडीत खोली घेऊन राहणारी. मशीनचे प्रोग्राम टाइप करून नीट लावणं हे आमचं काम. त्या वर्षी आमच्यातल्या एकीला परमनंट करणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. एकीलाच. म्हणजे आम्ही एकमेकींच्या आड येत होतो आणि डबा मात्र एकत्र खात होतो. तिची शेंगदाण्याची चटणी सोडण्याइतकी मी काही महान नव्हते.

मॅक्रोची गंमत तिला मीच शिकवली. एडिटरमध्ये रेकॉर्ड दाबायचं, एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवायची, रेकॉर्ड थांबवायचं. मग तेच काम एडिटर फाइलभर आपणहून करत सुटतो. फक्त रेकॉर्ड चालू असताना एकही जादा बटण दाबायचं नाही, कारण तो सगळंच लक्षात ठेवतो, चुकलेलंही. म्हणून आमच्या सेक्शनमध्ये रेकॉर्ड दाबायच्या आधी "शूटिंग!" असं ओरडायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, अशी पद्धतच पडली होती. साहेबसुद्धा दारात थबकायचे.

पण माझ्या या शिकाऊ बाईसाहेबांना एक खोड होती. लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि तिचं दिवसभराचं काम एकदा असंच वाया गेलं होतं. तेव्हापासून दर ओळीनंतर तिचा डावा हात आपोआप सेव्ह दाबायचा. "लग्नात हार घातल्यावरही तू सेव्ह दाबशील," मी वैतागून म्हणायचे. ती हसायची आणि हसता हसता पुन्हा सेव्ह दाबायची.

एके दिवशी शॉपवरून, म्हणजे मशीन चालतात तिथून, निरोप आला: ऑपरेटरसाठीची सूचना प्रत्येक टूलच्या ओळीखाली असते, ती वर हवी. तिने मॅक्रो केला, फाइलभर चालवला, फाइल बंद करून मशीनकडे पाठवली आणि खुशीत चहाला उठली. ती परत येते न येते तोच सुपरवायझरचा फोन.

"ओ मॅडम, ड्रिलच्या डोक्यावर आटे पाडायची सूचना कशी काय आली? बरं झालं, मशीन चालू करायच्या आधी वाचलं."

मध्येच एका ठिकाणी सूचना दोन ओळींची होती आणि तिथून पुढे सगळंच सरकलं होतं. त्यात ओळ हलवली की सेव्ह, हेही मॅक्रोने शिकून घेतलेलं. त्यामुळे फाइल बंद करताना "सेव्ह करू का" असं एडिटरने विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिने एकदा तरी खालीवर बघितलं असतं. आता मूळ फाइल उरलीच नव्हती.

तिचा चेहरा उतरला. निवड त्याच आठवड्यात व्हायची होती. साहेब येताना दिसले तशी मी पुटपुटले, "लाइट गेली होती म्हण." आमच्याकडे ही सबब सहज खपायची.

"नको ओ ताई," म्हणून ती उभी राहिली. "सर, माझ्याच्यानं बिघडलंय. शिफ्ट सुटायच्या आत नीट करून देते."

साहेब नुसतं "बघा" म्हणाले आणि गेले.

मला तिचा इतका राग आला, आणि तेवढीच मायाही आली. आता हातावर हात ठेवून बसलं की परमनंट आपणच, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण तोवर मी खुर्ची तिच्याकडे ओढली होती.

उपाय तिनेच काढला. जिथून बिघडलं तिथून उलटा मॅक्रो चालवायचा, वरची ओळ खाली न्यायची. फाइल पहिल्यासारखी झाली की ती दोन ओळींची सूचना हाताने वर घ्यायची आणि पुढे पुन्हा सुलटा मॅक्रो. पण रेकॉर्ड करायला बसली की तिचा हात मध्येच सेव्ह दाबून मोकळा. शेवटी तो डावा हात मी सरळ माझ्या हातात धरून ठेवला. डावीकडची बटणं मी दाबायची, उजवीकडचे बाण तिने. "शूटिंग!" मी ओरडले. सगळे गप्प. तिचा तळवा घामाने ओला झाला होता आणि बोटं सारखी वळवळत होती. मी काही सोडला नाही.

वेळेत फाइल शॉपवर गेली. आठवड्याअखेर साहेबांनी तिचं नाव घेतलं. सबब सांगितली नाही, चूक निस्तरली, असं म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन्ही खरं होतं.

परमनंट लोकांची बस वेगळी असते. पहिल्याच संध्याकाळी ती नव्या युनिफॉर्ममध्ये येऊन आमच्याच रांगेत उभी राहिली.

"येडी आहेस का?" म्हणत मी तिला दंडाला धरून त्या बसपाशी नेलं.

"ताई, तिकडं कुणीच वळखीचं न्हाई ओ."

"होईल ओळख. चढ."

ती चढली. मी आमच्या बसमध्ये येऊन बसले आणि शेजारच्या, तिच्या रोजच्या सीटवर पर्स ठेवली. बस भरली. एकीने विचारलं, "इथं कुणी आहे का?" मी "हो" म्हणाले. ती बिचारी नाशिक फाट्यापर्यंत उभी होती, आणि मी काही पर्स उचलली नाही.