आत्याची चॉकलेटी साडी

कौतिक मास्तरांनी पंखा पाचवर केला, एवढंच झालं.

वैशाख होता, अठ्ठ्याऐंशी साल होतं, आणि धुळ्यातल्या त्या कापडदुकानाच्या गादीवर मास्तरांच्या भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाला होता. एकतीस साड्या ओळीनं मांडलेल्या. मास्तरांचं अक्षर त्यांच्या देवपूर भागात पहिल्या नंबरचं, म्हणून कुणाची साडी कुठली याच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनी प्रत्येक साडीवर एकेक चिठ्ठी ठेवली, टाचण्या मागवल्या आणि टाचण्या येईपर्यंत जरा वारा घ्यावा म्हणून भिंतीवरचं बटण फिरवलं.

एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या उडाल्या. काही लोडामागे गेल्या, एक मालकाच्या चहात पडली. मंडळी समोर उसाचा रस प्यायला गेली होती, मालक गोदामात होता आणि देवचंद डबा खायला आत गेला होता, त्यामुळे हे कुणी पाहिलं नाही. मास्तरांनी पंखा बंद केला, चिठ्ठ्या गोळा केल्या आणि आठवून आठवून परत ठेवल्या. सव्वीस चिठ्ठ्यांबद्दल त्यांची खात्री होती. उरलेल्या पाच त्यांनी आत्मविश्वासानं ठेवल्या.

आता देवचंद कोण, ते सांगायला हवं. देवचंद त्या दुकानात बावीस वर्षं साड्या दाखवत होता. दाखवत होता म्हणजे स्वतः नेसून दाखवत होता. पँटवरच चार बोटांनी निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, एक गिरकी घ्यायची. अंगात कायम पांढरा बुशशर्ट, कारण मागे पांढरं असलं की रंगाला खोटं बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं. ओठावर भरघोस मिशी. मालकानं एकदा ती काढायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला होता, "शेठ, या मिशीवर जी साडी शोभते ती कुणावरही शोभते."

फॅशनीबद्दल त्याची मतं पक्की होती आणि तो ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. मोठाल्या फुलांची साडी मागणाऱ्या बाईला तो विचारायचा, "ताई, ही फुलं लांबून चांगली दिसतात. तुमच्या घरात लांब कुठंय?" चमकीबद्दल त्याचं मत असं, की ती दोन धुण्यांत नवऱ्याच्या वरणात सापडते. फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज आला त्या वर्षी त्यानं एवढंच म्हटलं, की बाई वाऱ्याच्या दिवसात सायकलवर बसणार नसेल तर हरकत नाही. एकदा एक सूनबाई मुंबईच्या मासिकातलं पान कापून घेऊन आली आणि म्हणाली, "अश्शीच पाहिजे." देवचंदनं पान उलटसुलट पाहिलं. "साडी आहे," तो म्हणाला, "पण ही बाई उभी राहिलीय तसं तुम्हाला दिवसभर उभं राहता येईल का?" सूनबाई दुसरीच साडी घेऊन गेली आणि पुढे तिच्या तिन्ही नणंदा त्याच्याकडेच आल्या.

नेम मात्र एकच. माणूस पाहिल्याशिवाय तो रंग सांगत नसे. त्याची स्वतःची बायको भिकुबाई साड्या दुसऱ्या दुकानातून घ्यायची. त्यावर तो काहीही बोलत नसे.

बस्त्याच्या दिवशीही हेच झालं होतं. नवरदेवाची आत्या मंजुळाबाई साक्रीची. नवरदेवाच्या बापाला तिनंच वाढवलेलं, तिच्या शब्दाबाहेर घर नाही, आणि रुसण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. म्हणून मास्तरांचे मेव्हणे, नवरीचे वडील भाईदास यांनी तिच्यासाठी दुकानातली सगळ्यात चमकणारी जांभळी साडी निवडली. देवचंदला विचारलं तर तो म्हणाला, "बाई पाहिलेली नाही. मी काही बोलणार नाही." मग मांडे करायला येणाऱ्या द्रौपदाबाईसाठी एक चॉकलेटी सुती साडी घेतली, बारीक लाल काठाची. चुलीपाशी काजळी लागली तरी दिसणार नाही, हा विचार.

हळदीच्या दिवशी सकाळी साक्रीहून निरोप आला. आत्यानं पुडकं उघडलं, भिंतीकडे तोंड करून झोपली, उठायला तयार नाही. ती नाही तर नवरदेवाचा बापही निघणार नाही.

भाईदास ओरडले, "अहो, पण दुकानातली सगळ्यात भारी साडी दिली ना!"

मास्तरांनी मागच्या अंगणात डोकावून पाहिलं. तिथे द्रौपदाबाई उलट्या खापरावर मांडा टाकत होत्या. अंगावर जांभळी, चमचमती. जाळाच्या उजेडात त्या हलल्या की सगळं अंगण चमकायचं. "मास्तर," त्या हसून म्हणाल्या, "इतक्या लग्नांचे मांडे केले, पण अशी साडी कुणी दिली नव्हती हो."

ती साडी परत मागण्याची मास्तरांची छाती झाली नाही. ते सायकल काढून थेट दुकानात गेले आणि देवचंदच्या कानात सगळं कबूल केलं, पंख्यासकट.

"तू फक्त चल. आत्याला सांग की चॉकलेटीचीच आता फॅशन आहे."

"आहे का?"

"नसली तरी सांग ना, देवचंदभाऊ! पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. आज तिला रुसवून ठेवलं तर भाचीला जन्मभर ऐकावं लागेल."

"येतो," देवचंद म्हणाला. "पण बाई बघून जे दिसेल तेच बोलेन. वाईट दिसली तर वाईट म्हणेन."

जाताना भाचीला धीर द्यायला दोघे घरी डोकावले. देवचंद मागच्या अंगणात गेला, मांडे करणाऱ्या द्रौपदाबाईंकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि तसाच बाहेर पडला. मास्तरांना हे लक्षण ठीक वाटलं नाही. साक्रीच्या एस्टीत ते सारखे घाम पुसत होते.

साक्रीला ओटीवर बायकांचा घोळका. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली, साडी उंबऱ्याबाहेर फेकलेली.

"हाई रांधनारीनी साडी शे," भिंतीकडून आवाज आला. "माले येवानं नही."

देवचंदनं साडी उचलली, झटकली आणि नेसायला लागला. निऱ्या, पदर, गिरकी. मिशीवाला गडी साडीत पाहून बायका खोखो हसायला लागल्या. कशाला हसतात म्हणून आत्यानं मान वळवली.

"अरे, कसा दिसस हाऊ!" ती उठून बसली.

देवचंद हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं. उंच, काटक, सावळी बाई. केस रुपेरी, कपाळावर हिरवं गोंदण.

"अक्का, उभ्या राहा जरा."

कुणी हुकूम सोडण्याची आत्याला सवय नव्हती, त्यामुळे ती चुकून उभी राहिली. देवचंदनं साडी सोडून तिच्या खांद्यावर पदर टाकला आणि तीन पावलं मागे गेला. बायका हसायच्या थांबल्या.

"कशी दिसस मी?"

"तुमच्यासाठी चमकीची जांभळी घेतली होती," देवचंद म्हणाला. मास्तरांनी खांब धरला. "चिठ्ठ्यांची गडबड झाली. पण ती तुम्हाला वाईट दिसली असती."

"ती कोनले दिधी?"

"मांडे करणाऱ्या बाईला. तिला शोभते."

आत्यानं खांद्यावरच्या पदराचा काठ बोटांत धरून पाहिला.

"उद्या मांडवात सगळ्या बाया चमकतील," देवचंद म्हणाला. "त्यांत तुम्ही कुठे सापडणार? या साडीत लांबून कळेल, आत्या कोण ते."

आत्या खांबावरच्या आरशासमोर गेली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पदर डोक्यावर घेऊन पाहिलं. मास्तरांनी मनात ज्या ज्या देवांना हाक मारली त्यांची नावं त्यांना नंतर आठवली नाहीत.

"लगीन सकाय शे," ती शेवटी खेकसली. "आते ब्लाउज कोन शिवी दी?"

ब्लाउज शेजारणीनं रातोरात शिवला. लग्नात आत्या पहिल्या रांगेत बसली आणि फोटोवाल्यानं तिचे नवरीपेक्षा दोन फोटो जास्त काढले. पुढच्या आठवड्यात साक्रीच्या पाच बायका दुकानात चॉकलेटी सुती मागायला आल्या. देवचंदनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चौघींना नाही म्हणून सांगितलं.

इकडे सुट्टी संपून शाळा उघडल्यावर मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत आत्याच्या साडीची हकीकत सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सांगताना त्यात पंखा होता. तिसऱ्यांदा सांगताना तो नव्हता, आणि साडी मास्तरांनी स्वतः जोखून दिलेली होती. महिन्याभरात दोन शिक्षिका त्यांना ब्लाउजच्या रंगाबद्दल विचारू लागल्या.

एक दिवस ते त्या दोघींना घेऊन दुकानात आले, ऐटीत लोडाला टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय देवचंदभाऊ, सांग यांना. साडीतलं मला कळतं की नाही?"

देवचंदनं हातातल्या साडीची घडी घातली आणि वर पाहिलं.

"मास्तर, तुमच्यापेक्षा पंख्याला जास्त कळतं."