घागर भरेपर्यंतची गोष्ट

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं जे काही वाचायला आलं ते रद्दीवर. अहमदपूरला आमचं किराणा दुकान होतं. दुपारी पुड्यांसाठी कागद फाडायचं काम माझं. फाडता फाडता वाचायचे, म्हणून काम कधी वेळेवर झालं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. दुकानात येईल तो नव्या कचेऱ्यांच्या गोष्टी सांगायचा. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. अशात एकदा रद्दीत एक चौकट दिसली, सात-आठ ओळींची गोष्ट. म्हातारी आई लेकीला पोचवायला स्टँडवर येते. एसटी सुटते. अर्ध्या वाटेत लेक पिशवी उघडते, तर आत आईचा चष्मा. बस्स.

मला वाटलं, पुढचा भाग मीच फाडला. सगळ्या पुड्या उलगडून बघितल्या, जिऱ्याच्या, हळदीच्या. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं काय शोधतेस, तेव्हा सांगितलं. त्यांनी कागद बघितला नि म्हणाले, "संपली की ती. एवढीच हाय."

एवढीशी गोष्ट, पण दिवसभर भाकरी थापताना माझ्या डोक्यात ती एसटी चालूच. तो चष्मा चुकून आला का मुद्दाम ठेवला? वाचून झाल्यावर गोष्ट आपल्यातच चालू राहते, ही गंमत मला त्या दिवशी कळली. मग मी अशा चौकटी हुडकून कापून ठेवायला लागले.

हापशावर तेव्हा मोठी रांग असायची. पाणी एवढं बारीक यायचं, की एक घागर भरेपर्यंत माझी एक गोष्ट वाचून व्हायची. बाया गोळा व्हायच्या. सगळ्यात पुढं अक्का, आमची शेजारीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मला चिडवायला मास्तरीण म्हणायची. चष्म्याची गोष्ट संपली, तर ही म्हणाली, "मुद्दाम ठिवलाय तिनं. चष्मा द्याया तरी लेक माघारी यील."

वाचलं मी होतं, पण गोष्ट कळली तिला.

एक दिवस तिनं हळूच विचारलं, "मलाबी शिकिव की गं अक्षरं." मी बोटानं मातीत 'च' काढून दाखवला, चष्म्याचा च. तिनं चार वेळा गिरवला, चारही वेळा उलटा. मी हसले. बायाही हसल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येऊन बसली, तर मी म्हणाले, "कशाला शिणतीस अक्का, मी हाय की वाचायला."

खरं सांगायचं तर वेळ भरपूर होता. रांगेत उभं राहण्याशिवाय दुसरं काम काय होतं? पण वाचणारी मी एकटी, सगळ्यांच्या माना माझ्याकडं, हे मला लई गोड लागायचं. त्यात वाटेकरीण नको होती. अक्का पुन्हा कधी शिकायचं बोलली नाही.

पुढं ती मुलाकडं धर्माबादला राहायला गेली. जाताना माझ्याकडची कात्रणं मागितली. मी सगळी दिली, आणि किती मोठं मन आपलं, असं वाटून घेतलं. वाचून कोण दाखवणार, हे मनात आलंच नाही.

ती वारल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. सुनेनं बिस्किटाचा डबा पुढं ठेवला, आत माझी कात्रणं. म्हणाली, घरी कोणी आलं की आत्याबाई डबा काढायच्या, यातली एक वाच म्हणायच्या. पण ज्याला त्याला घाई. कागदावरच्या तेला-हळदीच्या डागावरून कोणती गोष्ट कोणती, हे मात्र त्यांना बरोबर ठाऊक होतं. निघताना तो डबा तिनं मलाच दिला.

आता नातीच्या मोबाइलवर अशा गोष्टी ढिगानं येतात. मी वाचते, आवडतातही. पण एक संपली की माझा हात त्या डब्याकडं जातो. चष्म्याच्या गोष्टीचा कागद आता पिवळा पडलाय. त्याच्या चारी कडांना पेन्सिलीनं 'च' काढलेत, बारके, मोठे, सुरुवातीचे उलटे आणि शेवटचे अगदी सरळ. सगळे 'च'च. पुढचं अक्षर मी तिला दिलंच नव्हतं.