भोंगा आणि चूलबंद आवतन

तर मसाजीनं भोंग्याला हळदीकुंकू लावून नारळ फोडला, इथवर आपण काल आलो होतो. मसाजी आमच्या गावचा मेंढपाळ. मेंढरं मोजकीच, पण मिशी अख्ख्या तालुक्याला पुरंल एवढी. सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले की पूर्णेचं पाणी आधी आमच्या खालच्या आळीत शिरायचं. म्हणून साहेब लोक आलते, गाव पुरापुढं किती टिकतंय ते मोजायला. भोंगा वाजवायचा, आणि माणसं घरं सोडून माळावरच्या शाळेत येतात का ते बघायचं. त्यासाठी गावात जी समिती केली तिचा अध्यक्ष मसाजी, कारण दुसऱ्या कुणाला सवड नव्हती.

आता खोट्या पुरासाठी खरं घर कोण सोडतंय? मसाजीनं दारोदार चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची न्हाई, लेकराबाळांसकट शाळेत जेवायचं. भोंगा वाजला तेव्हा पंगत कधीची बसलेली, साहेबांसकट. आळीतल्या सोनाजीची अंथरुणाला खिळलेली आईसुद्धा खाटेवरून आलती, स्वतःची वाटी घेऊन. साहेबांनी दोनदा रस्सा घेतला, पैकीच्या पैकी गुण दिले आणि शाळेवर पाटी ठोकली, ‘आपत्तीसक्षम गाव’. तेव्हापासून मसाजी कुठंही निघाला तरी त्या पाटीखालून जायचा.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात दरवाजे खरंच उघडले. भोंगा बोंबलून राहिला, पाणी उंबऱ्याला लागलं, आणि आळी आपली दारात उभी. पारुबाई म्हणजे आळीतली मानाची म्हातारी. तिचं म्हणणं, मागं घरी येऊन बोलावलं, आता नुसत्या भोंग्यावर भागवता व्हय? ती हलेना म्हणून कुणी हलेना.

शेवटी मसाजी कमरेएवढ्या पाण्यातून तिच्या दारात गेला.

"पारुमावशी, चूलबंद आवतन हाय. चला."

"सगळ्याइला, का मला एकटीलाच?"

"सगळ्याइला."

तेव्हा म्हातारीनं लुगडं खोचलं, आणि मागं सगळी आळी निघाली. माणूस एक गेलं न्हाई. पण आवतन दिलं ते दिलं. पुरातून पोहून वाचलेला मसाजीचा लाडका मेंढा संध्याकाळी पातेल्यात गेला.

पाणी ओसरल्यावर तेच साहेब आले. पैकीच्या पैकी गुणांचं गाव, भोंगाही बराबर वाजला, मग लोक काहून उठले न्हाईत, असं त्यांनी जरा जरबेनं विचारलं. मसाजीनं मिशीवरचा चिखल पुसला आणि म्हणाला,

"साहेब, त्या दिवशी भोंगा तुमच्या कानापाशीच वाजला व्हता. पानावरून तुमी तरी उठले व्हते का?"